कॅबिनेटमध्ये फॅन कुठे बसवायचे आणि कोणत्या तोंडाने

एप्रिल लागला की सांगलीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत तक्रारींचा सूर बदलतो. पावसाळ्यात "चालूच होत नाही" म्हणणारी गिऱ्हाइकं आता "लई तापतोय, मधेच स्लो होतोय, अजून दोन फॅन टाकून द्या" म्हणत येतात. बहुतेक वेळा नव्या फॅनची गरजच नसते. आहेत त्यातलाच एखादा उलटा बसलेला असतो, एखादा बंद काचेमागे नुसताच गरगरत असतो, आणि छताचा फॅन समोरून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आतच बाहेर ओढून टाकत असतो. म्हणून फॅन मोजण्याआधी हवेला वाट कशी मिळते ते बघायचं. हा सगळा लेख त्या वाटेबद्दल आहे.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. फॅन हवा गार करत नाही, फक्त हलवतो. खोलीत ४० अंश असतील तर कॅबिनेटमधला कुठलाही भाग ४०च्या खाली येणार नाही, मग फॅन बारा लावा नाहीतर वीस. खोलीचं तापमान १५ अंशांनी चढलं की आतल्या भागांचंही जवळपास तेवढंच चढतं. एसी खोलीत बसून केलेल्या व्हिडिओत प्रोसेसर ६५ अंशांवर दिसला आणि मे महिन्यात तोच प्रोसेसर तुमच्याकडे ८० दाखवत असेल, तर तुमची मशीन बिघडलेली नाही.

मग हवा किती हलवायची? साधा हिशोब आहे. कोअर आय५-१२४०० हा प्रोसेसर पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड १७० वॅट खातं. दोन्ही मिळून ३०० वॅटच्या आसपास उष्णता झाली. ही उष्णता बाहेर नेताना आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर तासाला साधारण ९० घनमीटर हवा आरपार जायला हवी. फॅनच्या खोक्यावर छापतात त्या भाषेत हे सुमारे ५३ सीएफएम (मिनिटाला घनफूट). एकट्या चांगल्या १२० मिलिमीटर फॅनवर याहून मोठा आकडा लिहिलेला असतो, पण तो मोकळ्या हवेतला. पुढे जाळी, फिल्टर आणि वायरींचा गुंता आला की त्यातला बराच भाग गळतो. म्हणून घरगुती किंवा ऑफिसच्या मशीनला नीट बसवलेले तीन फॅन पुरतात. चौथ्या-पाचव्याने पडणारा फरक कमी कमी होत जातो, आवाज आणि धूळ मात्र वाढते.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी

दोष हवेचा आहे की दुसऱ्याच कशाचा, ते आधी ठरवा. आतल्या भागांचं तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका. खोलीचं तापमान लिहून ठेवा, भिंतीवरचा साधा तापमापकही चालतो. मग मशीनला तुमचं नेहमीचं जड काम द्या. कोणाचं व्हिडिओ रेंडर असेल, कोणाचा गेम. दोन्हीपैकी काही नसेल तर सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण राबवणारं चाचणीचं सॉफ्टवेअर) लावा. अर्धा तास चालू द्या, कारण पहिल्या पाच मिनिटांत हीटसिंकचं (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्याचं) तांबं-ॲल्युमिनियमच तापत असतं आणि आकडा फसवा येतो. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, दोन्हींचे वरचे आकडे टिपा.

आता डाव्या बाजूचं झाकण काढून तेच काम पुन्हा अर्धा तास चालवा. झाकण उघडल्यावर तापमान पाच-सात अंशांनी किंवा जास्त उतरलं, तर कॅबिनेटमध्ये हवा कोंडते आहे आणि पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. फरक एक-दोन अंशांचाच असेल तर फॅनच्या मागे लागू नका. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली असेल, हीटसिंकची एखादी पिन मदरबोर्डात नीट अडकलेली नसेल, नाहीतर कूलरच कमी ताकदीचा असेल. कॅबिनेटला दहा फॅन लावूनही हे दुखणं बरं होणार नाही.

झाकण कायमचंच उघडं ठेवणारेही पुष्कळ भेटतात. तापमान उतरतं हे खरं. पण महिनाभरात बोर्डावर धुळीची साय धरते, आणि पावसाळ्यात पाली, मुंग्या, झुरळं आतल्या उबेला येऊन राहतात. चाचणी झाली की झाकण परत लावा.

फॅनचं तोंड कुठलं, पाठ कुठली

फॅन हातात धरून बघा. एका बाजूला पाती मोकळी दिसतात. दुसऱ्या बाजूला मधल्या मोटरला धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे चार हात असतात, वायरही बहुधा तिथूनच निघते. हवा मोकळ्या बाजूने आत शिरते आणि हातांच्या बाजूने बाहेर पडते. काही कंपन्या फ्रेमच्या कडेवर दोन छोटे बाण कोरतात, एक पाती फिरण्याचा आणि एक हवेचा.

म्हणजे कॅबिनेटच्या बाहेर उभं राहून बघितलं, तर समोरच्या फॅनची मोकळी पाती दिसली पाहिजेत आणि मागच्या फॅनचे हात दिसले पाहिजेत.

इथे एक खोड आहे. सध्या रंगीत लाइटच्या फॅनमध्ये उलट्या पात्यांचे फॅनही मिळतात. काचेतून फॅनची देखणी बाजू दिसावी, पण हवा मात्र आतच यावी, यासाठी ते मुद्दाम तसे बनवलेले असतात. त्यांच्याकडे नुसतं बघून दिशा ठरवली तर फसाल. फॅन चालू करून समोर टिश्यू पेपरचा तुकडा धरा. चिकटला तर हवा त्या बाजूने आत जाते, फडफडून लांब गेला तर तिथून बाहेर येते.

मांडणी

जुन्या वाड्यात पुढचं दार आणि परसदार समोरासमोर असायचं. दोन्ही उघडली की वारा आरपार. कॅबिनेटमध्ये नेमकं हेच साधायचं आहे: समोरून आणि खालून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. तापलेली हवा आपली आपण वर जाते म्हणून वरचा फॅन बाहेर फेकणारा, असं सगळे सांगतात. पण फॅनच्या जोरापुढे त्या नैसर्गिक चढणीची ताकद अगदी किरकोळ असते. खरं कारण असं की बोर्डाची रचनाच त्या बेताने झालेली आहे. प्रोसेसर वर आणि मागच्या अंगाला असतो, टॉवर कूलर (प्रोसेसरवरचा उभा हीटसिंक आणि त्याचा फॅन) हवा मागे ढकलतो, म्हणून बाहेर जाण्याचा दरवाजाही तिथेच हवा.

फॅन एकच असेल तर तो मागे लावा, बाहेर फेकणारा. ऑफिसात टायपिंग आणि टॅलीसाठी ठेवलेल्या, ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनला एवढं पुरतं.

दोन असतील तर एक समोर आत घेणारा आणि एक मागे बाहेर टाकणारा. समोरचा किती उंचीवर, हे तुमच्या मशीनवर ठरेल. ग्राफिक कार्ड मोठं असेल तर फॅन कार्डाच्या पातळीला किंवा थोडा खाली बसवा. कार्ड नसेल आणि प्रोसेसरच तापत असेल तर वरच्या खोबणीत. बहुतेक कॅबिनेटमध्ये समोर तीन जागा असतात आणि विकत घेताना आलेला एकुलता फॅन सगळ्यात खालच्या जागी असतो. तो एक घर वर सरकवला की कार्डाला हवा मिळते. यात पैसा लागत नाही, चार स्क्रू फिरवायचे एवढंच.

तीन असतील तर समोर दोन, मागे एक. माझ्या मते सांगली-मिरजेच्या हवेत घरच्या मशीनसाठी हीच सगळ्यात शहाणी मांडणी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त राहते, त्याचा धुळीशी काय संबंध ते पुढे येईलच.

चौथा फॅन घ्यायचाच असेल तर छतावर, पण मागच्या कोपऱ्यात, प्रोसेसरच्या थेट वर, बाहेर फेकणारा. छताच्या पुढच्या जागेवर बाहेर फेकणारा फॅन लावू नका. समोरून आत आलेली ताजी हवा टॉवर कूलरपर्यंत पोचण्याआधीच तो तिला उचलून बाहेर देतो. फॅन जोरात फिरतोय, हाताला वाराही लागतोय, म्हणून मालक खूश असतो, आणि प्रोसेसर मात्र आतल्या शिळ्या हवेवर जगत असतो. ती पुढची जागा रिकामी ठेवा. वर जाळी उघडी राहत असेल तर जाड पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकचा पत्रा कापून बंद करा. दिसायला बरं नाही दिसत, पण फिल्टर नसलेलं भोक बुजलं.

मिरजेतल्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका फोटोग्राफरची मशीन याचं चांगलं उदाहरण आहे. काचेचं तोंड, त्यामागे तीन रंगीत फॅन, मागे एक, छतावर दोन. एवढे सहा फॅन, आणि रेंडर लावलं की प्रोसेसर मर्यादेला टेकून स्वतःचा वेग उतरवायचा. उघडून बघितलं तर समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना बोटभर फट होती, तीन फॅनना हवा मिळायची ती तेवढ्याच फटीतून. छतावरचे दोन्ही वरून आत फुंकत होते, म्हणजे टॉवर कूलर जी हवा मागे ढकलत होता तिला आडवे जात होते. छताचा पुढचा फॅन काढून टाकला, मागचा उलटा करून बाहेर फेकणारा केला, आणि समोरची काच चार रबरी वॉशर घालून कडेपासून थोडी पुढे आणली. फॅन पाचच उरले. रेंडर तेच, पण प्रोसेसर वेग उतरवायचा थांबला. काचेऐवजी जाळीचं तोंड मिळालं असतं तर आणखी बरं, पण त्या कॅबिनेटला ते मिळत नव्हतं. नवं कॅबिनेट घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच की समोर जाळी असलेलंच घ्या, काच बाजूला असू द्या.

ग्राफिक कार्ड आणि एसएमपीएस

आजची बहुतेक कार्डं दोन-तीन फॅनची असतात आणि आपली सगळी उष्णता कॅबिनेटच्या आतच ओततात. गेमिंग मशीनमध्ये सगळ्यात जास्त तापवणारा भाग हाच, आणि प्रोसेसर त्याच्या वरच बसलेला. म्हणून कार्डाच्या खाली निदान दोन बोटं मोकळी जागा ठेवा. खालच्या स्लॉटमध्ये वायफाय किंवा साउंड कार्ड खुपसून ती वाट अडवू नका. कॅबिनेटच्या तळाला फॅनची जागा आणि खाली जाळी असेल, तर तिथे आत घेणारा एक फॅन कार्डाला फार उपयोगी पडतो.

मागच्या बाजूला कार्डाच्या खालचे स्लॉट असतात, त्यांच्या पट्ट्या छिद्रांच्या असतील तर आहेत तशा राहू द्या. आत हवा जास्त असेल तर कार्डाची गरम हवा तिथूनही निसटते. पट्टी हरवली असेल तर मात्र नवी लावा. पाली आत येतात त्या याच दारातून.

एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) खाली बसणारी असेल आणि तिच्याखाली जाळी व फिल्टर असेल, तर तिचा फॅन खाली तोंड करून बसवा. ती आपली हवा वेगळी घेईल, वेगळी सोडेल, बाकी कॅबिनेटशी तिचा संबंध उरणार नाही. तळ बंद असेल किंवा कॅबिनेट गादी-सतरंजीवर ठेवत असाल तर तोंड वर. पूर्वीच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वर असायची आणि तीच आतली गरम हवा ओढायची. अशी मशीन अजून वापरात असेल तर मागे ८० मिलिमीटर फॅनची जागा असते, ती रिकामी ठेवू नका.

धूळ: इथला खरा त्रास

आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा कधीच तंतोतंत सारखी नसते. बाहेर फेकणारे फॅन जोरकस असतील तर आत हवेची ओढ तयार होते, आणि ती भरून काढायला बाहेरची हवा प्रत्येक फटीतून शिरते: यूएसबीच्या भोकातून, स्लॉटच्या पट्ट्यांतून, झाकणाच्या कडेने. यातल्या एकाही वाटेवर फिल्टर नसतो. उलट, आत घेणारे फॅन थोडे वरचढ असले की हवा फटींतून बाहेर पडते आणि आत येताना फक्त फिल्टरमधून येते. थंडाव्यात दोन्हींचा फरक फार नसतो, साफसफाईत मात्र जमीन-अस्मानाचा असतो.

आपल्याकडे धुळीचेही हंगाम आहेत. ऊसतोड सुरू झाली की शिवारात पाचट पेटवतात आणि काळी हलकी पिसं उडत उडत गच्चीवर, खिडकीत, जाळीवर येऊन बसतात. ही काजळी बोटाने पुसायला गेलं की पसरते, आणि फिल्टरवर बसली की त्याचा पडदाच होतो. उन्हाळ्याच्या तोंडाला हळदीचा हंगाम येतो. मार्केट यार्डाच्या आसपासच्या दुकानांत आणि अडत्यांच्या ऑफिसांत कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांत पिवळट थर हमखास सापडतो. तो जूनपर्यंत तसाच राहिला की पावसाळी दमट हवेत ओल धरतो आणि चिकटून बसतो, मग नुसत्या फुंकरीने निघत नाही, ब्रश घ्यावा लागतो.

म्हणून नियम सोपा ठेवा: आत घेणाऱ्या प्रत्येक फॅनसमोर फिल्टर, बाहेर फेकणाऱ्यासमोर काहीही नको. फॅनच्या मापाचे चुंबकाने चिकटणारे नायलॉन फिल्टर ऑनलाइन मिळतात. ते नसतील तर खिडकीला लावतात ती मच्छरजाळी कापून लावा. बारीक धूळ ती थांबवणार नाही, पण काजळीची पिसं, केस आणि किडे नक्की थांबवेल. कपडा, रुमाल, जुना बनियन लावू नका. धूळ थांबते, पण हवाही थांबते.

एक हिशोब ध्यानात ठेवा. फिल्टरमागचा फॅन मोकळ्या फॅनपेक्षा कमी हवा देतो. त्यामुळे समोर एक आणि मागे एक, दोन्ही सारखेच, अशी मांडणी कागदावर समान दिसली तरी प्रत्यक्षात ओढीची होते. समोर दोन आणि मागे एक यासाठी तर म्हटलं.

कॅबिनेट ठेवायची जागा

यावर लोक फार कमी विचार करतात. कॉम्प्युटर टेबलाला खाली कॅबिनेटसाठी एक कप्पा असतो, तिन्ही बाजूंनी प्लाय आणि कधी कधी समोर दारसुद्धा. मागून निघालेली गरम हवा त्या कप्प्यातच घोटाळते आणि समोरून परत आत जाते. कप्प्याची मागची फळी काढून टाका, निदान हातभर रुंदीचं चौकोनी भोक पाडून घ्या. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे. कॅबिनेटच्या मागे भिंतीपर्यंत वीतभर जागा सोडा, वर छताला फॅन असेल तर वरही तेवढीच. त्यावर फाइल, पर्स, वर्तमानपत्र ठेवायची सवय मोडा.

जमिनीवर ठेवू नका. झाडू मारताना उडणारी सगळी धूळ तळाच्या आणि समोरच्या जाळीतून आत जाते. गावभागात २०१९चा महापूर बघितलेल्या घरांना यासाठी वेगळं कारण सांगावं लागत नाही.

खोलीत पाण्याचा कूलर लावत असाल तर त्याचा झोत कॅबिनेटवर थेट येऊ देऊ नका. थंड हवा चांगली, पण तिच्याबरोबर बारीक तुषारही येतात आणि पाणी बोअरचं असेल तर त्यातले क्षारही. कूलर खोलीच्या दुसऱ्या बाजूला ठेवा, समोरची खिडकी उघडी ठेवा.

फॅन घेताना

जागा १४० मिलिमीटरची असेल तर १४० घ्या, तेवढीच हवा तो कमी वेगात आणि कमी आवाजात देतो. नसेल तर १२०. समोर जाळी, फिल्टर किंवा लिक्विड कूलरचा रेडिएटर (द्रव थंड करणारी पात्यांची जाळी) असेल तर जास्त स्टॅटिक प्रेशरचा (अडथळ्यातूनही हवा ढकलणारा) फॅन निवडा, त्याची पाती रुंद आणि एकमेकांना जवळ असतात. मागे मोकळ्या जागी साधा चालतो.

बेअरिंगकडेही बघा. स्वस्त फॅनमध्ये स्लीव्ह बेअरिंग असतं. ते उभं बसवलं तर बरं चालतं, पण छताला किंवा तळाला आडवं बसवलं की लवकर झिजून खरखरायला लागतं. आडव्या जागेसाठी बॉल बेअरिंग किंवा फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगचा घ्या.

चार पिनचे पीडब्ल्यूएम (बोर्डाच्या इशाऱ्यावर वेग बदलणारे) फॅन घेतले तर वेग नीट आवरता येतो. तीन पिनचे घेतले तर वेग व्होल्टेज कमी-जास्त करूनच बदलतो, आणि फार खाली नेला तर काही फॅन सुरूच होत नाहीत.

बसवणं आणि जोडणं

मशीन बंद करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच आतल्या कामाला लागा. फॅनचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, ते प्लॅस्टिकमध्ये स्वतःच वाट करत जातात, म्हणून पहिल्यांदा घट्ट लागतात. चारही अर्धे बसवा, मग कोपऱ्यासमोरचा कोपरा असं आवळा. जास्त पिळलात तर फ्रेम वाकते आणि पाती घासायला लागतात. वायर मागच्या पत्र्याआडून न्या, केबल टायने बांधा. समोरच्या फॅनपुढे लोंबणारा वायरींचा झुबका अर्धी हवा खातो.

बोर्डावर सीपीयू फॅन असं लिहिलेल्या पिनांवर फक्त प्रोसेसरचा फॅन लावायचा. ती जागा रिकामी राहिली तर चालू करताना एरर येऊन मशीन अडते. बाकीचे सिस फॅन किंवा चेसिस फॅन लिहिलेल्या पिनांवर. अशी एक जागा साधारण एक अँपिअर, म्हणजे १२ वॅटपर्यंत भार घेते. फॅनमागे लिहिलेला अँपिअरचा आकडा बघून बेरीज करा. दोन-तीन फॅन एका वायरीवर चालतात, सहा-सात असतील तर एसएमपीएसच्या साटा पिनवरून वीज घेणारा हब लावा.

रंगीत लाइटची वायर वेगळी असते आणि इथेच नवख्यांचं नुकसान होतं. तीन पिनची अॅड्रेसेबल (प्रत्येक दिवा वेगळा चालवता येणारी) वायर ५ व्होल्टची, चार पिनची साधी आरजीबी १२ व्होल्टची. पाचाची बाराला लावली तर लाइट जळून जाते. पिन बसत नसेल तर जोर लावू नका, बोर्डावरचा मजकूर पुन्हा वाचा.

लिक्विड कूलर (नळ्यांतून द्रव फिरवून प्रोसेसर थंड करणारा) असणाऱ्यांना एकच सूचना: रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहायला हवा. छताला बसवला तर हे आपोआप होतं. समोर उभा बसवत असाल तर नळ्या शक्यतो खाली येऊ द्या. पंपच सगळ्यात उंच राहिला तर आतली हवा पंपात अडकते, गुळगुळ आवाज येतो आणि पंप लवकर मरतो.

वेग ठरवणं

बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जा. आसुसच्या बोर्डात हे क्यू-फॅन नावाने असतं, गिगाबाइटमध्ये स्मार्ट फॅन, एमएसआयमध्ये हार्डवेअर मॉनिटर. चार पिनच्या फॅनला पीडब्ल्यूएम आणि तीन पिनच्याला डीसी निवडा. मग तापमान आणि वेग यांची रेघ आखायची.

इंटरनेटवरच्या तयार रेघा थंड खोल्यांसाठी असतात. त्यात ४० अंशांपासून वेग चढायला लागतो. आपल्याकडे मे महिन्यात मशीन रिकामी असतानाही प्रोसेसर ५०च्या घरात असतो, म्हणजे फॅन दिवसभर ओरडत राहणार. मी सुरुवात अशी करतो: ५५ अंशांपर्यंत ४० टक्के, ७० ला ६० टक्के, ८० ला ८० टक्के, ८८ ला पूर्ण. समोरचे फॅन मागच्यापेक्षा पाच-दहा टक्के वर. वेग बदलायला काही सेकंद उशीर लावायची सोय असते, तिथे चार-पाच सेकंद टाका. नाहीतर ब्राउझर उघडला की फॅन उसासा टाकतो, बंद केला की गप्प.

वेग थोडा उतरवल्याने फार बिघडत नाही. फॅन ८० टक्क्यांवर आणला तर हवाही साधारण ८० टक्के मिळते, पण वीज जवळजवळ निम्मी लागते आणि आवाजात कानाला कळेल एवढा फरक पडतो. रात्री घरात बाकीचे झोपलेले असताना काम करणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं.

बायोसमध्ये अडचण अशी की बहुतेक बोर्ड कॅबिनेटचे फॅन प्रोसेसरच्या तापमानावरच चालवतात. गेममध्ये कार्ड पेटलेलं असतं आणि प्रोसेसर आरामात, तेव्हा फॅन हलतच नाहीत. त्यासाठी विंडोजमध्ये फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात समोरचे फॅन कार्डाच्या तापमानाला जोडता येतात.

उदबत्तीची परीक्षा

सगळं लावून झालं, झाकण बंद केलं, की खोलीतला वरचा पंखा बंद करा आणि एक उदबत्ती पेटवा. समोरच्या जाळीपासून वीतभर लांब धरा, धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. मग मागे या. मागच्या फॅनपाशी धूर जोरात बाहेर फेकला जाईल. आता खरी गंमत: उदबत्ती स्लॉटच्या पट्ट्यांजवळ आणि झाकणाच्या कडेला न्या. धूर फटीपासून दूर ढकलला गेला तर आत हवा जास्त आहे, हवं तसं झालं. धूर फटीत खेचला गेला तर मागचा फॅन दहा टक्क्यांनी उतरवा किंवा समोरचे चढवा आणि पुन्हा बघा. मागून निघालेला धूर टेबलाखालून फिरून समोर येताना दिसला, तर दोष कॅबिनेटचा नाही, टेबलाचा. उदबत्ती बाहेरच धरा, राख जाळीवर पडू देऊ नका, आणि दोन मिनिटांत उरका.

त्यानंतर सुरुवातीची चाचणी पुन्हा करा, तेच काम, अर्धा तास. खोलीचं तापमान सकाळ-दुपार बदलतं, म्हणून नुसते आकडे ताडून बघू नका. प्रोसेसरच्या आकड्यातून खोलीचा आकडा वजा करा आणि दोन्ही वेळचा तो फरक ताडून बघा.

देखभाल

फिल्टर महिन्यातून एकदा काढून नळाखाली धुवा, ऊसतोडीच्या दिवसांत पंधरवड्याला, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका. आतली सफाई वर्षातून दोनदा तरी: एकदा उन्हाळ्याआधी, एकदा पाऊस सुरू होण्याआधी. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर ती नेहमीपेक्षा किती तरी जास्त वेगाने फिरतात, बेअरिंग खराब होतं, शिवाय फिरणारा फॅन वीज तयार करून बोर्डाकडे उलटी पाठवू शकतो. ब्लोअर गच्चीवर किंवा अंगणात नेऊनच मारा, नाहीतर तीच धूळ संध्याकाळपर्यंत परत आत.

फॅनच्या रेघेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बायोस अपडेट केलं किंवा बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली की सगळं मूळ पदावर जातं, आणि मग भर उन्हाळ्यात फॅन अचानक का ओरडतायत ते शोधण्यात दिवस जातो.